गप्प राहिलेल्या सेन्सरची नोंद

बालाघाटाच्या पठाराची कड धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ उतरू लागते. एका अंगाला सोयाबीन, तूर आणि ज्वारीची शिवारं, दुसऱ्या अंगाला रामलिंग घाटाचं अभयारण्य, मधून सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि कुर्डुवाडी-लातूर लोहमार्ग. बिनतारी सेन्सरचं जाळं कुठे आणि कसं टिकेल याचा विचार करणाऱ्याला ही जागा पुष्कळ काही शिकवते. शेत, जंगल, रस्ता आणि रेल्वे इथे काही किलोमीटरच्या आत एकत्र येतात आणि चौघांनाही काही ना काही मोजायचं आहे. माझं काम याच प्रकारच्या यंत्रांचं आहे. पाऊस, जमिनीतली ओल, तापमान मोजणारे हाताएवढे नोड, त्यांचे रेडिओ, त्यांच्या बॅटऱ्या आणि सगळ्यांचं ऐकून पुढे कळवणारा गेटवे. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. शेतात किंवा माळावर मांडलेल्या जाळ्याची माहिती कोणी चोरली तर सहसा फारसं बिघडत नाही; ती वेळेवर पोचली नाही तर मात्र कुणाची तरी भरपाई बुडते, कुणाचं तरी पीक जातं. म्हणून जाळ्याचं संरक्षण करायचं तर ते गप्प कधी झालं, किती वेळ राहिलं आणि कशामुळे, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं पाहिजे. हे लिहून ठेवण्याची सोय आधी, बाकीचे बंदोबस्त नंतर.

जाळं मुद्दाम गप्प करण्याला संगणकवाले डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. इथे मी त्याला कोंडी म्हणेन. सेन्सरच्या जाळ्यांची कोंडी हा विषय अँथनी वुड आणि जॉन स्टँकोविक यांनी २००२ साली एका लेखात पहिल्यांदा नीट मांडला. त्या लेखातली एक गोष्ट पुढच्या पुष्कळ संशोधनात मागे पडली, पण शेतात काम करणाऱ्याला तीच सर्वांत उपयोगी वाटते. जाळ्याची काम करण्याची ताकद कमी करणारी किंवा संपवणारी कोणतीही घटना त्यांनी कोंडीत धरली. यंत्रातला बिघाड, प्रोग्राममधली चूक, हवामान आणि शत्रू, सगळे एकाच व्याख्येत. गेटवेच्या बाजूनं पाहिलं तर हे अगदी खरं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम भागाला पुरानं वेढलं, तशा पावसात वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, सौर पट्टीला दिवसेंदिवस ऊन मिळत नाही. त्या रात्री एखादा नोड बोलायचा थांबला तर बॅटरी संपली, खांब पडला, टॉवर गेला की कोणी रेडिओ दाबून धरला, हे गेटवेला सांगता येत नाही. त्याला फक्त एक रिकामी जागा दिसते. हल्लेखोराला हीच रिकामी जागा सोयीची असते, कारण निसर्गाच्या गोंधळात त्याचं काम सहज लपून जातं.

कोंडीचा सर्वांत कमी आवाज करणारा प्रकार म्हणजे नोडला झोपू न देणं. केंब्रिजच्या फ्रँक स्टाजानो आणि रॉस अँडरसन यांनी १९९९ मध्येच या हल्ल्याला निद्रानाशाचा छळ असं नाव दिलं होतं. हिशोब कुणालाही करून पाहता येतो. बाजारात मिळणारे दोन चांगले एए सेल मिळून साधारण २५०० मिलिअँपिअर-तास वीज देतात. सेन्सरच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या नोडचा रेडिओ नुसता ऐकत बसला तरी सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे रेडिओ सतत चालू राहिला तर सेल १२५ तासांत, पाच दिवसांच्या थोडं पुढे, संपतात. तोच रेडिओ शंभरातला एक भाग वेळ जागा आणि बाकी वेळ झोपलेला असेल तर हिशोब १२,५०० तासांवर जातो, म्हणजे जवळपास सतरा महिने. एक खरीप, एक रब्बी आणि वर आणखी एक पावसाळा. जाळ्याचं सगळं आयुष्य या झोपेत आहे. कमी वीज खाणाऱ्या अनेक पद्धतींत नोड ठरावीक वेळानं क्षणभर उठून हवेत कुणाची हाक आहे का पाहतो आणि हाक असेल तर पूर्ण निरोप येईपर्यंत जागा राहतो. हल्लेखोराला निरोप समजावा लागत नाही, मोडावा लागत नाही. नुसत्या हाका मारत राहिलं की पुरे. सतरा महिन्यांचं जाळं आठवड्याच्या आत मरतं आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं, यंत्र निकृष्ट होतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं की निरोपांना कूट लावा, म्हणजे ते सांकेतिक लिपीत पाठवा, प्रत्येक निरोपावर खरेपणाची खूण ठेवा, मग बाहेरच्याचं चालणार नाही. कूट हवंच, याबद्दल माझं दुमत नाही. ऑस्ट्रेलियात मारूची इथे २००० साली एका माणसानं रेडिओवरून सांडपाण्याच्या पंपांना खोटे हुकूम दिले आणि सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी ओढ्यांत आणि बागांत सोडलं. खरेपणाची खूण न तपासणारं जाळं कुणाच्याही हुकमात राहतं. पण कोंडीपुढे कुटाची ताकद थिटी पडते आणि त्याचं कारण साधं आहे. निरोप खोटा आहे हे कळण्यासाठी तो आधी पूर्ण ऐकावा लागतो, आणि ऐकण्यालाच तर वीज लागते. शंभर खोटे निरोप नाकारणारा नोड शंभर वेळा जागा झालेला असतो. कुटामुळे खोटा हुकूम पाळला जात नाही एवढंच. झोप मोडायची ती मोडतेच. म्हणून झोपेला वेगळा पहारा लागतो. नोडनं स्वतःच्या जागरणाचा हिशोब ठेवावा, आज ठरल्यापेक्षा पाचपट जागलो असं दिसलं की बाहेरच्या हाकांकडे दुर्लक्ष करून फक्त आपल्या वेळापत्रकानुसार उठावं, आणि हा निर्णय किती वाजता घेतला ते लिहून ठेवावं. यात एक तोटा आहे, तो मान्य केला पाहिजे. अशा काळात वरून आलेला खरा हुकूमही उशिरा ऐकू येईल. पाऊस मोजणाऱ्या नोडला हा उशीर परवडतो. पाण्याचा दरवाजा उघडणाऱ्या यंत्राला परवडणार नाही, तिथे तारच ओढावी.

दुसरा प्रकार हवाच भरून टाकण्याचा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेतल्या ताकदीचा रेडिओ परवान्याशिवाय वापरता येतो आणि शेतातली लांब पल्ल्याची बहुतेक यंत्रं, लोरा तंत्राची, तिथेच बोलतात. या तंत्राच्या भारतातल्या मांडणीत सुरुवातीच्या तीन वाहिन्या ठरलेल्या आहेत. त्या छापील आहेत, सर्वांना माहीत आहेत. पळायला जागा थोडी आणि पत्ता जगजाहीर. शिवाय लांब पोचण्याची किंमत वेळात मोजावी लागते. जवळचा नोड वेगानं बोलला तर वीसेक बाइटांचा निरोप सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपतो. दूरचा, सर्वांत संथ वेगानं बोलणारा नोड तेवढ्याच निरोपाला एका सेकंदाहून जास्त घेतो. एवढ्या अवधीत हल्लेखोराचं यंत्र निरोपाची सुरुवात ऐकून उरलेला भाग बिघडवू शकतं. म्हणजे टेकडीपलीकडचा, एकटा पडलेला, जास्त गरजेचा नोडच कोंडीला जास्त उघडा असतो. हे तंत्र निवडताना पल्ल्याचे आकडे सांगितले जातात, ही बाजू क्वचितच बोलली जाते. इथे कामाला येतो तो २००५ मधला रटगर्स विद्यापीठाच्या गटाचा अभ्यास. त्यांनी दाखवलं की नुसते निरोप कमी पोचले यावरून काही ठरत नाही, आणि हवेत आवाज जास्त आहे यावरूनही ठरत नाही. दोन्ही एकत्र पाहावं लागतं. संकेत क्षीण आणि निरोप पोचत नाहीत, तर बॅटरी किंवा अंतर हे कारण असू शकतं. संकेत जोरदार असूनही निरोप मोडके येतात, तर कोणीतरी हवा अडवली आहे. रेडिओच्या चिपमध्ये संकेताची ताकद मोजण्याची सोय असतेच. ती नोंद निरोपासोबत साठवायला एखादा बाइट लागतो. बहुतेक जाळ्यांत हा बाइट फेकून दिलेला असतो, आणि मग गप्प राहण्याचं कारण कायमचं हरवतं.

आता सगळ्यात रास्त शंका. येडशीच्या शिवारातल्या ओल मोजणाऱ्या यंत्रावर कोण कशाला हल्ला करेल? बँका आहेत, सरकारी दप्तरं आहेत, चोराला तिकडे काम आहे. या शंकेला मी कमी लेखत नाही. बहुतेक नोड उंदरांमुळे, वाळवीमुळे आणि गंजलेल्या जोडांमुळेच गप्प होतात. पण मोजण्याला पैसा जोडला गेला की मोजमाप बंद पाडण्यात कुणाचा तरी फायदा तयार होतो. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅन्सस भागात पाऊस कमी पडला तर भरपाई देणारा पीकविमा होता. तिथे काही पर्जन्यमापकांच्या तारा कापल्या गेल्या, नरसाळ्यांत सिलिकॉन भरलं गेलं, पाऊस मोजणाऱ्या झुलत्या भांड्यावर केक भाजायची ताटली झाकली गेली. तपासाअंती दोन शेतकऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना एकूण पासष्ट लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. संगणकाचं कोणतंही ज्ञान न वापरता केलेली ही कोंडीच होती. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते आणि मदतीचं पुढचं गणित त्यावर चालतं. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली ती याच गरजेतून. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे सोयाबीनच्या विम्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला, तिथे पावसाचा आकडा हा पैशाचा आकडा आहे. आणि जंगलाकडे पाहा, तिथे तर माहिती चोरीला जाण्याचाही धोका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ रामलिंग घाटाच्या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. बावीस-तेवीस चौरस किलोमीटरचं हे छोटं रान एकदम मौल्यवान माहितीचं ठिकाण झालं. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका वाघाच्या गळपट्ट्याची माहिती ज्या ईमेलवर येत होती ते खातं उघडण्याचा प्रयत्न पुण्याहून झाला होता. सर्व्हरनं तो अडवला. कुणालाच रस नाही असं म्हणून ही माहिती वाऱ्यावर सोडता येत नाही.

काही वेळा हल्ला हा हल्ला म्हणून केलेलाच नसतो. न्यू जर्सीमधल्या एका चालकानं मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून गाडीत जीपीएस अडवणारं यंत्र ठेवलं आणि त्यामुळे न्यूअर्कच्या विमानतळावरची दिशादर्शनाची यंत्रणा बिघडली. २०१३ मध्ये त्याला सुमारे ३२ हजार डॉलर दंड झाला. अनेक गेटवे आपली वेळ जीपीएसवरून लावतात. महामार्गाच्या कडेला बसवलेल्या गेटवेची वेळ अशा एखाद्या गाडीमुळे चुकली, तर वेळापत्रकानं झोपणारे-उठणारे नोड आणि गेटवे यांची गाठच पडणार नाही. भारतात असा जॅमर खासगीत वापरायला मनाई आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सेवा अडवणाऱ्याला नुकसानभरपाई द्यायला लावतं. पण कायद्यासमोर उभं राहायला पुरावा लागतो, आणि रिकामी जागा हा पुरावा होत नाही. किती वाजता आवाज वाढला, कोणत्या नोडांना ऐकू आला, कोणत्यांना नाही, हे लिहिलेलं असेल तर ठिकाणाचा अंदाजही बांधता येतो.

बांधणीतली एक छोटी गोष्ट या सगळ्याहून जास्त उपयोगी पडते असं माझं ठाम मत आहे. पर्जन्यमापकातलं झुलतं भांडं ठरावीक पाऊस साठला की कलंडतं आणि प्रत्येक कलंडणं यंत्र मोजतं. निरोपात काय पाठवायचं? गेल्या पंधरा मिनिटांत भांडं किती वेळा कलंडलं हे पाठवलं, तर एक निरोप हरवला की तेवढा पाऊस कायमचा हरवला. त्याऐवजी बसवल्यापासून आजवर एकूण किती वेळा कलंडलं हा वाढता आकडा पाठवला, तर मधले सहा तास कोंडीत गेले तरी सातव्या तासाचा एक निरोप सगळा पाऊस परत आणतो. हरवते ती फक्त कधी किती पडला याची तपशीलवार विभागणी. तीही नोडच्याच स्मरणात ठेवता येते. एका नोंदीला १६ बाइट धरले, दर पंधरा मिनिटांना एक नोंद केली, तर दिवसाला दीड हजार बाइटांच्या आसपास लागतात. एक मेगाबाइटच्या स्वस्त चिपमध्ये पावणेदोन वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी मावतात. हल्लेखोर हवा अडवू शकतो, स्मरण अडवू शकत नाही. त्याला नोडपर्यंत चालत यावं लागेल, आणि चालत आलेल्या माणसाला शिवारात कोणी ना कोणी पाहतं. ६५ मिलिमीटरची रेघ ओलांडली की नाही हा प्रश्न असा सुटतो, आणि त्यासाठी नवं संशोधन लागत नाही. निरोपात कोणता आकडा घालायचा हे सुरुवातीला नीट ठरवावं लागतं, इतकंच.

गप्प राहण्याला अर्थ देण्याची रीत रेल्वेला आपल्याआधी कळली. जुन्या हाताच्या सिग्नलची ओढतार तुटली की हात वजनानं आपोआप आडवा होई, म्हणजे थांबा. बिघाडाचा अर्थ धोका असाच लावायचा, हे यंत्रातच बसवलेलं होतं. दरडींच्या बाबतीत तर गप्प होणं हीच घटना असते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे कोकण रेल्वेची गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे २००५ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी डोंगराच्या खडकात बसवायच्या स्वस्त सेन्सरच्या जाळ्याची, सेनस्लाइडची, कल्पना मांडली ती कोकण रेल्वेच्याच दरडी डोळ्यांपुढे ठेवून. डोंगर सरकेल तेव्हा काही नोड गाडले जातील, हे अशा जाळ्याचा आराखडा करताना धरावंच लागतं. गाडला गेलेला नोड काही कळवत नाही, आणि त्याचं न कळवणं हाच त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा निरोप असतो.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप इथेच येतो. गप्प राहणं म्हणजे धोका असं यंत्राला शिकवलं, तर हल्लेखोराला फक्त जाळं गप्प करायचं आहे. बाकीचा गोंधळ आपली व्यवस्थाच घालेल. हा आक्षेप कागदी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये श्टेत्सिन शहराजवळ कोणीतरी रेल्वेच्या रेडिओवर थांबण्याच्या खुणेचे तीन सूर वाजवले आणि वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या सुरांवर खरेपणाची कोणतीही खूण नव्हती आणि गाडी सुरक्षित राहावी म्हणून केलेली सोयच हल्ल्याचं हत्यार झाली. या उदाहरणाचा मी बराच विचार केला आहे आणि माझं उत्तर असं आहे. गप्प राहण्यावरून आपोआप कृती होऊ नये, चौकशी व्हावी. एक नोड गप्प झाला तर शेजारच्या दोघांना विचारावं. तिघेही गप्प आणि हवेत आवाज जोरदार, तर माणूस पाठवावा. तिघेही गप्प, हवा शांत आणि पाऊस मुसळधार, तर माणूस लगेच पाठवावा. डोंगराखाली वस्ती असेल तिथे मात्र चौकशीची वाट न पाहता लोकांना हलवावं, कारण तिथे खोट्या हाकेची किंमत एका रात्रीची गैरसोय आहे. खोट्या हाका वारंवार आल्या की लोक ऐकेनासे होतात हे खरं. म्हणूनच प्रत्येक हाकेनंतर कारण सापडलं की नाही हे लोकांना कळवलं गेलं पाहिजे. कारण कळलेली खोटी हाक लोक समजून घेतात.

येडशीच्या भूरचनेत यातलं बरंच आधीच ठरतं. घाटाच्या वळणांत आणि रामलिंगाच्या मंदिराजवळच्या घळीसारख्या खोल जागांत रेडिओ सरळ जात नाही, म्हणून कड्यावरच्या एखाद्या उंच नोडकडून सगळे निरोप पुढे नेण्याचा मोह होतो. असा नोड मग दुसऱ्यांचे निरोप वाहून लवकर थकतो आणि तो एकटा पाडला की अख्खी घळ मुकी होते. हल्लेखोराला नकाशा पाहूनही हे कळतं. दोन वेगळ्या उंचवट्यांवर दोन गेटवे ठेवले, एक गावाच्या बाजूला आणि एक रानाच्या पलीकडे, तर खर्च वाढतो. पण शेकडो नोड विकत घेऊन एकाच खांबावर सगळं टांगण्यापेक्षा थोडे नोड कमी घेऊन दुसरा गेटवे घ्यावा असं मी म्हणेन. घनदाट मोजण्यापेक्षा खात्रीनं मोजणं या भागाला जास्त गरजेचं आहे.

शेवटी प्रश्न करारनाम्याचा. यंत्रं पुरवणाऱ्याकडून साधारणपणे वर्षातला अमुक टक्के काळ जाळं चालू राहील अशी हमी घेतली जाते. ९५ टक्के ऐकायला चांगलं वाटतं. उरलेले पाच टक्के म्हणजे वर्षाचे अठरा दिवस. मराठवाड्यात वर्षभराचा बहुतेक पाऊस चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत पडतो. ते अठरा दिवस नेमके त्यातलेच असले तर हमी पाळूनही जाळं निरुपयोगी ठरतं, आणि वर सांगितल्याप्रमाणे बिघाड आणि हल्ला दोन्ही त्याच दिवसांत होण्याची शक्यता जास्त. म्हणून हमी पावसाच्या तासांवर मागावी. नोडच्या स्मरणातल्या नोंदी दर हंगामाअखेर काढून गेटवेच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात, त्याचे पैसे करारात वेगळे धरावेत, म्हणजे कोणी ते टाळणार नाही. आणि शेतकऱ्याला दाखवल्या जाणाऱ्या पावसाच्या तक्त्यात शून्य आणि नोंद नाही या दोन वेगळ्या खुणा असाव्यात. नोंद नाही असं लिहिलेल्या प्रत्येक तासाशेजारी कारणाचा एक रकाना असावा, आणि तो रिकामा राहिला तर त्या तासावरून कुणाचाही दावा फेटाळला जाऊ नये.